रकाने आखणाऱ्याची जबाबदारी

(पंचायत सचिव, तलाठी व प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या एकदिवसीय प्रशिक्षण वर्गात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. वर्गास परिसरातील ग्रामस्थही उपस्थित होते.)



संगणकातील नोंदींविषयी चार शब्द सांगण्याचे काम संयोजकांनी माझ्यावर सोपविले आहे. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय होते. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तथापि गेली वीस वर्षे पत्रके, याद्या आणि लाभार्थ्यांच्या नोंदी यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे आणि या काळात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती आपणांपुढे ठेवावी म्हणून मी उभा आहे. नोंदींत आढळणाऱ्या चुकांबद्दल आपण बहुधा लिहिणाऱ्याला बोल लावतो. पण त्यांतील पुष्कळशा चुका लिहिणाऱ्याने लेखणी हाती धरण्यापूर्वीच, रजिस्टराचे रकाने आखले गेले त्या दिवशी, होऊन गेलेल्या असतात. आजच्या भाषणाचा विषय हे रकाने आखण्याचे काम हाच आहे.

आधी रकाने, मग नोंदी

शाळेचे जनरल रजिस्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण, आणि शेवटी शेरा. कोरे रजिस्टर छापखान्यातून येते तेव्हा त्यात एकाही मुलाचे नाव नसते. पण ते कोरे असतानाच पुष्कळ काही ठरून गेलेले असते. कोणत्या गोष्टी विचारावयाच्या, कोणत्या सोडून द्यावयाच्या, कशाला किती जागा ठेवावयाची, हे सारे त्या आखणीत आलेले आहे. जन्मतारीख अक्षरांतही लिहावी अशी योजना ज्या कोणी केली, त्याने १ चा ९ करू पाहणाऱ्याचा हात आधीच धरून ठेवला आहे.

संगणकातील माहितीसाठ्याची रीतही हीच. तेथेही प्रथम रकाने आखावे लागतात आणि ते आखण्यासाठी एक खास भाषा असते. इंग्रजीत तिला डेटा डेफिनिशन लँग्वेज म्हणतात. आपण सोयीसाठी तिला व्याख्याभाषा म्हणू. नोंद घालणे, शोधणे, दुरुस्त करणे व पुसणे ही कामे दुसऱ्या प्रकारच्या आज्ञांनी होतात. व्याख्याभाषेचे काम त्यांच्या आधीचे आहे. कोणती कोष्टके असतील, प्रत्येकात कोणते रकाने असतील, त्यांत काय मावेल आणि काय मावणार नाही, एवढेच ती सांगते.

तिच्या मुख्य आज्ञा तीन. ‘क्रिएट’ म्हणजे नवे कोष्टक तयार करा. ‘ऑल्टर’ म्हणजे असलेल्या कोष्टकाच्या घडणीत फेरफार करा. ‘ड्रॉप’ म्हणजे कोष्टकच काढून टाका. ही तिसरी आज्ञा फार जपून द्यावयाची असते. नोंदी पुसणे म्हणजे पाटीवरची अक्षरे पुसणे; कोष्टक काढून टाकणे म्हणजे पाटी फोडणे. म्हणूनच सुव्यवस्थित कार्यालयात नोंदी भरण्याचा अधिकार अनेकांना असतो, पण घडण बदलण्याचा अधिकार एखाद्या-दोघांपाशीच ठेवतात.

व्याख्याभाषेचा जन्म

ही भाषा वेगळी का काढावी लागली, हे थोडक्यात सांगतो. संगणकाच्या आरंभकाळी प्रत्येक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, आपल्या फायलीचे वर्णन स्वतःच्या पोटात बाळगीत असे. पगाराचा प्रोग्रॅम वेगळा, रजेचा वेगळा, निवृत्तिवेतनाचा वेगळा. आणि कर्मचाऱ्याचे नाव किती अक्षरांचे व ते कोठून सुरू होते हे तिघांतही लिहिलेले. एक रकाना दोन अक्षरांनी रुंद करावयाचा झाला, तर तिन्ही प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करावे लागत. एखादा राहून गेला की नावाच्या जागी पगार आणि पगाराच्या जागी तारीख वाचली जाई.

यावरचा उपाय असा की, घडणीचे वर्णन प्रोग्रॅममधून बाहेर काढून एकाच ठिकाणी लिहून ठेवावे. चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या दिशेने मोठे काम केले. त्याबद्दल १९७३ साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कोबोल ही कारकुनी कामाची भाषा ज्या कोडासिल मंडळाने सिद्ध केली, त्याच मंडळाच्या एका गटाने १९७१ साली अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात घडण सांगणारी भाषा व नोंदी हाताळणारी भाषा या दोहोंची स्पष्ट फारकत केली. त्याच सुमारास, १९७० साली, आयबीएम कंपनीचे संशोधक एडगर कॉड यांनी असे मांडले की सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपात ठेवता येते. त्या विचारावर डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ साली जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. तिला अमेरिकेत १९८६ साली आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ साली प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. आज बँकेपासून रेशन कार्डापर्यंत कितीतरी नोंदींची घडण याच भाषेत लिहिलेली असते.

कायदा राजपत्रात एकदा छापला की प्रत्येक कारकुनाने तो आपल्या आठवणीप्रमाणे सांगण्याचे कारण उरत नाही. व्याख्याभाषेने माहितीच्या बाबतीत हेच केले. शिवाय संगणक ही घडण स्वतःच्याच कोष्टकांत जपून ठेवतो. म्हणजे कोणते रजिस्टर कसे आहे, याचेही एक रजिस्टर तेथे असते. ते उघडून वाचता येते. या गोष्टीचे महत्त्व मी शेवटी सांगणार आहे.

एक-चौदाच्या उताऱ्यावरून

आता आपल्या गोव्यातील ओळखीचे उदाहरण घेऊ. गावचा नमुना एक व चौदा, ज्याला आपण ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतो, तो १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली ठेविला जातो. आज तो संगणकावरही पाहता येतो. त्यात गाव, सर्व्हे क्रमांक, पोटविभाग, लागवडीखालील क्षेत्र, कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव, इतर हक्क असे रकाने आहेत. लागवडीच्या क्षेत्राचे आणखी पोटरकाने आहेत. जिरायत, बागायत यांच्या बरोबरीने खाजन, खेर आणि मोरड यांनाही तेथे जागा दिलेली आहे. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले ते खाजन, मधल्या पातळीवरचे रेताड शेत ते खेर, उंचवट्यावरचे पावसावर पिकणारे ते मोरड. परक्या मुलखातील नमुना जसाच्या तसा उचलला असता, तर हे तिन्ही शब्द ‘इतर’ या एका रकान्यात कोंबले गेले असते आणि खाजनाचा बांध फुटला तेव्हा आपल्या तालुक्यात एकूण खाजन किती, हे रजिस्टरावरून कोणालाही मोजता आले नसते.

असा नमुना व्याख्याभाषेत कसा सांगतात, याची कल्पना यावी म्हणून एका आज्ञेचा आशय मराठीत सांगतो. ही कल्पित आज्ञा आहे; प्रत्यक्ष प्रणालीतील नव्हे.

‘भूखंड’ नावाचे कोष्टक तयार करा. ‘गाव’ हा रकाना अक्षरांचा. तो रिकामा चालणार नाही. ‘सर्व्हे क्रमांक’ हा रकाना आकड्याचा. तोही रिकामा चालणार नाही. ‘पोटविभाग’ हा रकाना अक्षरांचा. ‘क्षेत्र’ हा रकाना दशांशी आकड्याचा. तो शून्याहून मोठा असलाच पाहिजे. गाव, सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग मिळून प्रत्येक भूखंडाची ओळख ठरेल.

एवढ्या चार-पाच ओळींत काय काय साधले ते पाहा. क्षेत्राच्या जागी कोणी ‘अंदाजे’ असे लिहिले, तर संगणक ते घेणार नाही, कारण तो रकाना आकड्याचा आहे. कोणी उणे क्षेत्र लिहिले, तर तेही घेणार नाही. सर्व्हे क्रमांक बारा प्रत्येक गावी असू शकतो. म्हणून एकट्या क्रमांकाने ओळख पटत नाही, तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. ही ओळख एकदा ठरली की तीच जमीन दोन वेळा नोंदविण्याचा प्रयत्न संगणक स्वतःच परतवून लावतो. या ओळखीला प्रायमरी की म्हणतात.

आता कब्जेदारांचा प्रश्न घ्या. वडिलोपार्जित जमिनीवर चार भाऊ, त्यांच्या पत्नी, दोन विवाहित बहिणी अशी दहा नावे असणे आपल्याकडे नवल नाही. ही दहा नावे एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिली, तर वाचणाऱ्याला ती कळतील. पण अमुक बाईचे नाव कोणकोणत्या जमिनीवर आहे असे विचारले तर संगणक अडखळेल. कॉड यांच्या विचारातील एक मूलभूत सूत्र असे की, एका चौकटीत एकच गोष्ट असावी. म्हणून कब्जेदारांचे वेगळे कोष्टक करतात. त्यात प्रत्येक व्यक्तीला स्वतःची ओळ मिळते आणि ती ओळ भूखंडाच्या ओळखीचा हवाला देते. या हवाल्याला फॉरिन की असे नाव आहे. जो भूखंड रजिस्टरातच नाही, त्याचा हवाला देणारी नोंद संगणक स्वीकारत नाही. तसेच ज्या भूखंडावर कब्जेदार अथवा कुळे नोंदलेली आहेत, तो भूखंड त्यांना निराधार करून परस्पर पुसूही देत नाही, अर्थात आखणी करणाऱ्याने तशी अट घातली असेल तर.

या उताऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र विचार करावयास लावणारा आहे. कोणाचे घर, कोणाची वाट, कोणाचा बोजा, जे कोठेच बसत नाही ते तेथे लिहिले जाते. असा एखादा रकाना लागतोच. तो नसता तर पुष्कळांचे हक्क कागदावर आलेच नसते. पण तेथे जे लिहिले जाते ते वाक्यांच्या रूपाने, ज्याच्या त्याच्या शब्दांत. त्याची मोजदाद होत नाही, त्यावर अट घालता येत नाही. ज्या हक्काची नोंद वर्षानुवर्षे शेऱ्याच्या रकान्यात राहते, तो हक्क सांगणाऱ्याला दर वेळी नव्याने भांडावे लागते. मुंडकारांच्या बाबतीत १९७५ च्या कायद्याने स्वतंत्र रजिस्टराची तरतूद केली, तिचे मोल या दृष्टीने ओळखले पाहिजे. स्वतंत्र रकाना मिळणे ही हक्काला मिळालेली एक मान्यताच असते.

एक जूनचे वाढदिवस

रकाना नसल्याने जसा अन्याय होतो, तसा तो सक्तीचा असल्यानेही होतो. याचे उदाहरण माझ्या घरातलेच आहे.

माझे मामा चंदगड तालुक्यातील एका गावचे. त्यांचा जन्म दिवाळीच्या सुमारास झाला, असे आजी नेहमी सांगे. शाळेत घालावयास नेले तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. आजीने दिवाळी सांगितली. दिवाळीला रकान्यात जागा नव्हती आणि रकाना रिकामा ठेवण्याची सोयही नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू होई, वय भरले पाहिजे होते. तेव्हा गुरुजींनी त्या वर्षाची १ जून ही तारीख लिहिली आणि मुलगा शाळेत आला. त्यात गुरुजींचा हेतू चांगलाच होता. महाराष्ट्रात आणि बेळगावकडील भागात त्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस १ जून का, याचे कारण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

मामा पुढे स्वतः प्राथमिक शिक्षक झाले. निवृत्तीचा नियम असा आहे की, ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे मामा ३१ मे रोजी घरी बसले. खऱ्या जन्मतारखेने ते दिवाळीपर्यंत नोकरीत राहिले असते. पाच महिन्यांचा पगार गेला. त्यांनी तक्रार केली नाही. निरोपाच्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “तक्रार कोणत्या तोंडानं करू? मीही कित्येक मुलांना एक जूनला जन्माला घातलंय.”

हे बोल मी विसरलेलो नाही. मामांच्या गुरुजींनी खोटे लिहिले असे मला म्हणवत नाही. रकान्याने त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नव्हता. व्याख्याभाषेत या प्रकारच्या सक्तीला ‘नॉट नल’ अशी अट म्हणतात. ‘नल’ म्हणजे ‘येथे काही नोंद नाही’ अशी खूण. ती शून्याहून वेगळी आहे. भाताखालील क्षेत्र शून्य याचा अर्थ तेथे भात पिकत नाही. भाताखालील क्षेत्र नल याचा अर्थ ते अद्याप कोणी मोजलेले नाही. या दोन गोष्टींत गल्लत झाली तर नुकसानभरपाईच्या यादीतून शेतकरी वगळला जातो.

म्हणून आखणी करणाऱ्याने प्रत्येक रकान्याविषयी स्वतःस विचारले पाहिजे की, हे उत्तर ज्याच्यापाशी नाही असा प्रामाणिक मनुष्य माझ्यापुढे आला तर तो काय लिहील? जन्मतारीख सक्तीची करावयाची असेल, तर तिच्या शेजारी आणखी एक छोटा रकाना आखता येतो, ‘तारीख कशाच्या आधारे’: जन्मदाखला, वैद्यकीय अंदाज, की पालकांचे सांगणे. मग अंदाजाची तारीख अंदाज म्हणूनच राहते. पन्नास वर्षांनी ती वज्रलेप होऊन कोणाच्या अंगावर येत नाही. नल या खुणेचाही अर्थ एकच असावा याची काळजी घ्यावी लागते. लाभार्थ्यांच्या यादीत ‘मृत्यूची तारीख’ हा रकाना रिकामा असला, तर मनुष्य हयात आहे असे समजावयाचे की तारीख कळलेली नाही असे? यासाठी ‘हयात आहे काय’ हा रकाना वेगळा हवा.

रकान्याची रुंदी

आता रुंदीविषयी. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून आलेली लाभार्थ्यांची यादी छापण्याचे काम माझ्याकडे होते. यादीत एका वृद्ध बाईंचे नाव ‘लक्ष्म’ असे होते. मी टंकलेखकाला दोष दिला. त्याने शांतपणे कागद पुढे केला. त्याने ‘लक्ष्मीबाई’ असेच भरले होते. पुढची अक्षरे संगणकाने छाटली होती.

कारण असे निघाले. नावाच्या रकान्याला वीस बाइटांची रुंदी दिली होती. रोमन लिपीतील एक अक्षर एका बाइटात मावते. म्हणून आखणी करणाऱ्याला वीस अक्षरे पुरेशी वाटली. पण आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण यांनाही प्रत्येकी तीन. ‘लक्ष्मीबाई’ या नावात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. वीसमध्ये सहाच चिन्हे मावली आणि ‘लक्ष्म’ एवढेच उरले. काही प्रणाल्या अशा वेळी नोंदच नाकारतात, काही मुकाट्याने शेपूट छाटतात. यांतील दुसरा प्रकार अधिक घातक. बँकेच्या पुस्तकात नाव एक आणि यादीत दुसरे, मग पैसे अडकले तर त्या बाईंनी कोणाकडे जावे? मराठीतून कारभार करावयाचा तर रकान्याची रुंदी मराठीच्या मापाने आखली पाहिजे. अनेक प्रणाल्यांत रुंदी बाइटांऐवजी अक्षरांत सांगण्याची सोय आहे. ती मागून घ्यावी लागते.

रुंदीच्या काटकसरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपण १९९९ साली पाहिले. जागा वाचविण्यासाठी वर्षाला दोनच अंक दिलेले होते. ९९ नंतर ०० आले की संगणक ते १९०० समजेल की २००० अशी धास्ती जगभर पसरली आणि ती दुरुस्ती करण्यात अपार श्रम व पैसा खर्ची पडला. दोन अंकांचा निर्णय घेणाऱ्यांना आपले रजिस्टर इतकी वर्षे टिकेल असे वाटलेच नव्हते. सरकारी रजिस्टर मात्र नेहमीच अपेक्षेहून अधिक टिकते, हे या सभेत सांगावयास नको.

रुंदीप्रमाणेच मान्य उत्तरांच्या यादीचेही आहे. ‘लिंग’ या रकान्यात ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ एवढेच चालेल, अशी अट एका ओळीत घालता येते. या अटीला ‘चेक’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत याबरोबर ‘इतर’ असे तिसरे उत्तर प्रथमच देण्यात आले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना कायद्याने ओळख दिली. तोपर्यंत त्या व्यक्तींना पुष्कळ अर्जांवर आपल्याविषयी असत्य लिहावे लागत होते. संगणकातील बदल एका ओळीचा. त्याच्यासाठी माणसांना किती वाट पाहावी लागली, याचा विचार करावा.

रकाना वाढविताना

काळ बदलतो तशी घडणही बदलावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे बंधनकारक राहील. प्रथम स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. समाजाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व उघड आहे. व्याख्याभाषेच्या दृष्टीनेही तो बोधप्रद आहे, कारण ‘ऑल्टर’ ही आज्ञा देताना जो प्रश्न नेहमी उभा राहतो, त्याचे उत्तर यात आधीच दिलेले आहे.

तो प्रश्न असा: नवा रकाना जोडला, तर जुन्या नोंदींत काय भरावयाचे? कोष्टकात लाखो ओळी असताना आज एक सक्तीचा रकाना जोडला, तर त्या सर्व ओळी क्षणात अपुऱ्या ठरतात. संगणक एक तर आज्ञा नाकारतो, नाही तर सर्वांच्या कपाळी एकच ठरीव उत्तर मारतो. ते ठरीव उत्तर म्हणजे पुन्हा १ जूनच. यासाठी शहाणपणाची वाट अशी की, सक्ती एका तारखेपासून पुढच्या नोंदींना लावावी आणि जुन्या नोंदी खरी माहिती हाती येईल तसतशा भराव्यात. आईचे नाव ठाऊक नसलेल्या जुन्या ओळीत ते रिकामे राहिले तरी चालेल. ‘माहिती नाही’ हे शब्द एखाद्या आईच्या नावासारखे छापून येऊ नयेत.

शब्दांचा अर्थ ठरविणे

आणखी एक मुद्दा सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. रकान्याचे नाव म्हणजे रकान्याचा अर्थ नव्हे. ‘कुटुंब’ हा साधा शब्द घ्या. जनगणनेत कुटुंब ठरते ते एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांवरून. दुसऱ्या एखाद्या यादीत ते ठरेल रेशन कार्डावरून, तिसरीत घरपट्टीच्या क्रमांकावरून. तिन्ही कोष्टकांत रकान्याचे नाव एकच, आणि तिन्हींची बेरीज मात्र वेगवेगळी. मग ग्रामसभेत वाद होतो आणि जो तो दुसऱ्याला खोटा ठरवितो, जरी तिघेही आपापल्या व्याख्येप्रमाणे खरे असतात.

कारभारातील शब्दांचे अर्थ ठरविण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या इच्छेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा अनेक भाषांतील राज्यकारभारविषयक शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. कोष्टकासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ एका वाक्यात लिहून ठेवणे, हे त्याच परंपरेतील लहानसे काम होय. बहुतेक प्रणाल्यांत अशी टीप घडणीला जोडण्याची सोय असते. ती कोरी ठेवण्याचा आळस मात्र आपला असतो.

आपले काम

आपण म्हणाल, ही आज्ञा लिहिणारे राजधानीत अथवा त्याहूनही दूर बसतात. आम्ही गावात बसून काय करावे? माझे उत्तर असे की, आज्ञा लिहिणारा भाषा जाणतो, पण खाजन आणि मोरड यांतील फरक आपण जाणता. दिवाळीत जन्मलेल्या मुलाची आई आपल्यासमोर उभी असते, त्याच्यासमोर नव्हे. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली: नवा नमुना किंवा नवी प्रणाली येईल तेव्हा नोंदी भरण्यास आरंभ करण्यापूर्वी रकान्यांची यादी मागून घ्या. ती संगणकातच लिहिलेली असते हे मघाशी मी सांगितले. ती छापून देणे अवघड नाही. दुसरी: गावातील दहा अवघड माणसे मनात आणा. आडनाव न लावणारा, परित्यक्ता, जन्मदाखला नसलेला, दोन गावांत जमीन असलेला, घर दुसऱ्याच्या भाटात असलेला. त्यांची नोंद त्या रकान्यांत खरेपणाने बसते का, ते कागदावर करून पाहा. तिसरी: जी बसत नाही ती नोंद मोडून-वाकवून बसवू नका, अडचण लेखी वर कळवा. गुपचूप लिहिलेली १ जून ही कोणालाही दिसत नाही, लेखी कळविलेली अडचण फायलीत राहते. चौथी, आणि ही ग्रामस्थांसाठी: आपला उतारा, आपल्या मुलाचा दाखला, आपले रेशन कार्ड यांत केवळ स्वतःचे नाव वाचून थांबू नका. कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत, तेही वाचा. जे तेथे विचारलेलेच नाही, ते सरकारला दिसत नाही.

माझे मामा आज हयात आहेत. कागदावरचा वाढदिवस ते पाळत नाहीत. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे मामी त्यांना ओवाळते आणि तोच त्यांचा वाढदिवस. घरात असे चालते, कारण घरातल्या माणसांना सारे ठाऊक असते. कार्यालयाला मात्र रकान्याबाहेरचे काही ठाऊक नसते. म्हणून रकाने आखतानाच आपण सर्वांनी जागे राहावे, एवढीच विनंती करतो.